वासरांत लंगडी गाय

गुणवत्ता मोजण्याच्या दोन रीती मराठी माणसाने फार पूर्वीच आपल्या बोलण्यात नोंदवून ठेवल्या आहेत. एखाद्याचे तोंड भरून कौतुक करायचे झाले, तर आपण म्हणतो, ‘हे बावनकशी सोने आहे.’ आणि एखाद्याच्या मोठेपणाची टोपी अलगद उडवायची झाली, तर म्हणतो, ‘वासरांत लंगडी गाय शहाणी.’ पहिल्या बोलण्यात सोन्याचा कस ठरलेल्या मापाने लागलेला असतो. शेजारच्या पेढीवरचे सोने हलके आहे की भारी, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. दुसऱ्या बोलण्यातले गाईचे शहाणपण मात्र गाईत नाहीच. ते भोवतालच्या वासरांत आहे. वासरे बदलली की शहाणपण गेले!

ज्यांनी या म्हणी घडवल्या, त्यांना परीक्षा मंडळे, श्रेयांक आणि ग्रेड ठाऊक नव्हते. तरीही आज महाविद्यालयांतून जो वाद धुमसतो आहे, तो नेमका याच दोन मापांचा आहे. विद्यार्थ्याला श्रेणी द्यायची, ती त्याने स्वतः काय लिहिले यावरून, की वर्गातल्या इतरांच्या तुलनेत तो कितवा आला यावरून? या दुसऱ्या रीतीला इंग्रजीत ‘ग्रेडिंग ऑन अ कर्व्ह’ म्हणतात. आपल्याकडे ती ‘रिलेटिव्ह ग्रेडिंग’ किंवा ‘सापेक्ष श्रेणी’ या नावाने परिपत्रकांतून वावरते. मी मराठीचा प्राध्यापक. आकड्यांशी माझा संबंध एरवी पगारपत्रकापुरताच. परंतु वीस वर्षे उत्तरपत्रिकांचे गठ्ठे उपसणाऱ्या माणसाला या प्रश्नाकडे पाठ फिरवता येत नाही. कारण या मापाखाली जी मुले मोजली जातात, ती दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या समोरच्या बाकांवर येऊन बसतात.

घंटा आली कोठून?

ही ‘कर्व्ह’ म्हणजे घंटेच्या आकाराची एक वक्ररेषा. पुष्कळ माणसांच्या उंचीची नोंद करून ती कागदावर मांडली, तर अगदी ठेंगू आणि अगदी उंच माणसे थोडी निघतात आणि मधल्या उंचीची पुष्कळ. म्हणून रेषा दोन्ही कडांना जमिनीला टेकते आणि मध्ये घंटेसारखी फुगते. अब्राहम द म्वाव्र या गणितज्ञाने १७३३ मध्ये नाणेफेकीसारख्या दैवाच्या खेळांचा हिशेब करताना ती मांडली. गाउस या थोर गणितज्ञाने १८०९ मध्ये ग्रहताऱ्यांचे वेध घेताना हातून होणाऱ्या चुकांना तीच रेषा लावली. बेल्जियमच्या केटले याने १८३५ मध्ये ‘सरासरी मनुष्या’ची कल्पना पुढे आणली आणि नंतर स्कॉटलंडच्या सैनिकांच्या छातीची मापेही या घंटेत बसवून दाखवली. तेव्हा वाचकहो, हे कुळ ध्यानात ठेवा : आधी जुगार, मग चुका आणि मग छात्या. यात अभ्यासाचे नाव अजून कोठेही आलेले नाही.

ते आले परीक्षांच्या मार्गाने. इंग्लंडमध्ये एजवर्थ या पंडिताने १८८८ मध्ये परीक्षेतील गुणांवर दैवाचा किती अंमल चालतो, याचा हिशेब मांडला. आणि १९०८ मध्ये अमेरिकेतील मिसुरी विद्यापीठाच्या मॅक्स मेयर या प्राध्यापकांनी सरळ वाटणीच सुचवली : शंभरांतले ३ उत्कृष्ट, २२ वरचे, ५० मधले, २२ खालचे आणि ३ नापास. एखाद्या पंगतीत किती जिलब्या, किती बुंदी, हे आचाऱ्याने आधीच ठरवावे आणि जेवायला कोण येणार आहे याची चौकशी करू नये, तसा हा प्रकार.

तथापि या वाटणीमागची तळमळ खोटी नव्हती. विस्कॉन्सिनच्या स्टार्च आणि एलियट या दोघा संशोधकांनी १९१२ मध्ये इंग्रजीची एकच उत्तरपत्रिका १४२ शिक्षकांकडून तपासून घेतली. शंभरांपैकी कोणी तिला ६४ गुण दिले, तर कोणी ९८! दुसऱ्या उत्तरपत्रिकेचे तर ५० पासून ९७ पर्यंत धिंडवडे निघाले. भाषा विषय आहे, चालायचेच, असे म्हणणाऱ्यांसाठी त्यांनी पुढच्या वर्षी भूमितीची उत्तरपत्रिका घेतली. तिच्यातली तफावत याहूनही मोठी निघाली. तपासणारांचे हात असे वेडेवाकडे असतील, तर निदान क्रम तरी खरा धरू या, असे कोणाला वाटले तर त्याला दोष देता येत नाही.

सढळ हात आणि आखडता हात

मध्यवर्ती मूल्यांकन केंद्रात ज्यांनी काही दिवस काढले आहेत, त्यांना हे सारे अमेरिकेतून कळण्याची गरज नाही. एका टेबलावर तांबड्या शाईचे पेन घेऊन एक सद्गृहस्थ बसलेले असतात. निबंध कसाही असो, त्यांचा काटा दहापैकी सातावर स्थिर. त्यांच्या शेजारी दुसरे एक बसतात; त्यांच्या मते दहापैकी सहा गुण फक्त मृत लेखकांना द्यायचे असतात. विद्यार्थ्याचा गठ्ठा कोणत्या टेबलावर जाऊन पडला, यावर त्याचा वर्ग ठरतो. मॉडरेटर मधून मधून काही उत्तरपत्रिका पुन्हा पाहतो, टोके घासून काढतो. पण शेकडो उत्तरपत्रिकांत त्याचा हात कोठवर पोचणार?

सापेक्ष श्रेणीच्या बाजूचा पहिला मुद्दा हा, आणि तो भक्कम आहे. सढळ हाताच्या प्राध्यापकाचा संपूर्ण वर्ग सत्तरीत आणि आखडत्या हाताच्या प्राध्यापकाचा पन्नाशीत असेल, तर दोन्हींचा क्रम लावून वरच्या मुलांना ‘ए’ दिल्याने हाताचा दोष निघून जातो. दुसरा मुद्दा प्रश्नपत्रिकेचा. ती एखाद्या वर्षी अवघड निघाली, हा काही मुलांचा गुन्हा नव्हे. तिसरा मुद्दा गुणांच्या महापुराचा. शालान्त परीक्षेत शंभरपैकी शंभर टक्के मिळवणारी मुले आता निघू लागली आहेत. सगळेच बावनकशी म्हटल्यावर सोनाराने काय करायचे? वर्गांत आपोआप उतरंड लावणारी ही रीत अशा वेळी मोहात पाडते.

विद्यापीठ अनुदान आयोगाने श्रेयांक पद्धतीची जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत ‘ओ’ पासून ‘एफ’ पर्यंत श्रेणी सांगितल्या आणि त्या सापेक्ष रीतीने द्या किंवा निरपेक्ष रीतीने द्या, दोन्हींपैकी कोणतीही रीत संस्थांना वापरता येईल, असे म्हटले. आय. आय. टी. सारख्या संस्थांतून सापेक्ष रीत जुनीच आहे. केंद्रीय माध्यमिक मंडळाने उत्तीर्णांचे आठ भाग पाडून वरच्या अष्टमांशाला ‘ए-१’ देण्याची प्रथा चालवली. याचा परिणाम असा, की दोन गुणपत्रिकांवरचा एकच ‘ए’ दोन निरनिराळ्या गोष्टी सांगत असतो. एक म्हणतो, ‘मला हे येते.’ दुसरा म्हणतो, ‘मला शेजाऱ्यापेक्षा अधिक येते.’ आणि नोकरी देणाराला कोणता ‘ए’ कोणत्या जातीचा, हे कळायला मार्ग नाही.

चौदाजणांचा वर्ग

आता मी पाहिलेली एक हकिगत सांगतो. एका स्वायत्त महाविद्यालयात सापेक्ष रीत सुरू झाली. गणित, वाणिज्य अशा भरलेल्या वर्गांबरोबर ती मराठीच्या विशेष वर्गालाही लागू झाली. वर्गात विद्यार्थी चौदा, पैकी अकरा मुली. अनेक वर्षांत असा वर्ग मला मिळाला नव्हता. मूळ ग्रंथ वाचून येणारी, तासाला भांडणारी, एकमेकांची टिपणे उतरून घेणारी मुले. त्यांत सांगोल्याकडची एक मुलगी होती. वडील दुसऱ्याच्या डाळिंबाच्या बागेत कामाला, घरात हीच पहिली पदवीपर्यंत पोचलेली. तिला माझ्या विषयात शंभरपैकी ६८ गुण पडले. ते मीच दिले होते आणि आजही त्यांत एक गुण कमीजास्त करणार नाही. महाविद्यालयाच्या जुन्या पट्टीने साठ ते सत्तरला ‘ए’ होता. परंतु नव्या रीतीने चौदाजणांत ती दहावी आली, आणि दहाव्याच्या वाट्याला ‘बी’ आला. आधल्या वर्षीच्या वर्गात ६१ गुणांच्या मुलाला हीच रीत ‘ए’ देऊन गेली असती. कारण तो वर्ग यथातथाच होता.

गुणपत्रिका घेऊन ती विभागात आली. ‘सर, मी कोठे कमी पडले, एवढेच सांगा. पुढच्या वेळी सुधारीन.’

मी तिची उत्तरपत्रिका काढून पुन्हा वाचली. दाखवण्याजोगे एखाद्‌दुसरे वाक्य सापडले. पण ‘बी’ ला पुरेल असे काही सापडेना. शेवटी जे खरे होते ते सांगितले, ‘अगं, तू कमी पडली नाहीस. बाकीच्यांनी चांगले लिहिले.’

ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, ‘मग सर, पुढच्या वेळी मी काय करू? त्यांनी वाईट लिहावे म्हणून काय करू?’

प्रश्न उद्धटपणाचा नव्हता. तिला खरोखरच उत्तर हवे होते. एका धर्मादाय न्यासाची शिष्यवृत्ती ‘ए’ असणाऱ्यांनाच मिळत असे. ती तिच्या हातून गेली. फीचे पैसे पुढे कसेबसे उभे राहिले, ते सांगण्याची ही जागा नाही. पण श्रेणीचे पहिले काम कोणते, तर विद्यार्थ्याला त्याच्या अभ्यासाविषयी काही सांगणे. जी श्रेणी ‘काय सुधारू?’ या प्रश्नाला उत्तर देऊ शकत नाही, ती परीक्षेची श्रेणी नव्हे. ती रांगेतली जागा झाली.

या हकिगतीत हिशेबाचीही एक गंमत आहे. मेयरसाहेबांची वाटणी चौदाजणांना लावून पाहा. तीन टक्क्यांच्या हिशेबाने वर्गात उत्कृष्ट विद्यार्थी निघतो शून्य पूर्णांक ४२. म्हणजे अर्ध्याहूनही कमी! त्याचे हात घ्यायचे की डोके, हे ज्याचे त्याने ठरवावे. घंटेची रेषा हजारोंच्या गर्दीत उमटते. चौदाजणांत ती शोधणे म्हणजे चार थेंबांवरून पावसाळ्याचे मान काढणे होय. आणि भाषा, तत्त्वज्ञान, संस्कृत, पाली अशा विषयांचे वर्ग आज पुष्कळ ठिकाणी असेच लहान असतात. अशा विषयांना जे चार विद्यार्थी अभिमानाने येतात, त्यांतल्या दोघांना वाईट ठरवणे भाग आहे, असे सांगणारी रीत त्या विषयाचे दारच लोटून घेते.

त्याहून मोठी हानी डोळ्यांना दिसते ती वर्गात. दुसऱ्या सत्रात त्याच मुलांची टिपणे एकमेकांच्या हातांत दिसेनाशी झाली. ग्रंथालयातले एक संदर्भपुस्तक दोन आठवडे भलत्याच कपाटात सापडले. कोणी कोणाचे वाईट चिंतीत होते, असे मी म्हणणार नाही; पण मैत्रिणीला समजावून सांगण्यात आपला तोटा आहे, हे गणित एकदा शिकवले, की मुले ते आपल्या व्याकरणापेक्षा लवकर शिकतात.

परदेशची साक्ष

अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात २०१२ च्या डिसेंबरात याचा उलटा चमत्कार घडला. संगणकशास्त्राच्या एका प्राध्यापकांचा नियम असा, की परीक्षेत ज्याचे गुण सर्वांत अधिक, त्याचे शंभर धरायचे आणि बाकीच्यांचे त्या मानाने वाढवायचे. मुलांनी नियम बारकाईने वाचला. कोणीच परीक्षेला बसले नाही, तर सर्वांत अधिक गुण शून्य; म्हणजे शून्याचेच शंभर! तीन वर्गांतली सारी मुले परीक्षेच्या दालनाबाहेर एकमेकांवर नजर ठेवून उभी राहिली. एक जरी आत शिरला असता, तरी सर्वांना धावावे लागले असते. कोणीही शिरले नाही. प्राध्यापकांनी दिलखुलासपणे शब्द पाळला, सर्वांना ‘ए’ दिला आणि पुढच्या वेळेसाठी नियम बदलला. मुलांची हुशारी वाखाणण्यासारखी आहे. पण तिच्यातून निघणारा धडा असा, की गुण अभ्यासाशी बांधलेले नसून शेजाऱ्याशी बांधलेले असले, तर कोणीही काही न शिकता सर्वांना ते मिळू शकतात.

प्रिन्स्टन विद्यापीठाने गुणांच्या महापुराला बांध घालण्यासाठी २००४ मध्ये ‘ए’ वर्गाच्या श्रेणी ३५ टक्क्यांच्या वर जाऊ नयेत असा दंडक घातला. दहा वर्षे तो चालवून पाहिला आणि २०१४ मध्ये मागे घेतला.

इंग्लंडचा अनुभव तर आपण मुद्दाम वाचावा असा आहे. तेथील ‘ए लेव्हल’ परीक्षेसाठी १९६३ मध्ये वाटणी ठरली : वरच्या १० टक्क्यांना ‘ए’, पुढच्या १५ ना ‘बी’, पुढच्या १० ना ‘सी’, १५ ना ‘डी’, २० ना ‘ई’. कागदावर ती शिस्तीची दिसते. पण मध्यावर गर्दी मोठी आणि ‘सी’ चा पट्टा चिंचोळा. त्यामुळे थोड्याशा गुणांच्या फरकाने मूल ‘बी’ वरून थेट ‘डी’ वर घसरे. शिवाय देशभर शिकवणे कितीही सुधारले, तरी निकाल दर वर्षी तोच! थर्मामीटरच्या काचेवर पारा चिकटवून ठेवल्यासारखे ते झाले. १९८७ पर्यंत ही वाटणी संपुष्टात आली.

परंतु तिचे भूत २०२० मध्ये पुन्हा उठले. महासाथीमुळे परीक्षा रद्द झाल्या. शिक्षकांनी आपापले अंदाज कळवले आणि यंत्राने ते शाळेच्या मागल्या वर्षांच्या निकालाच्या साच्यात कोंबले. सुमारे ३९ टक्के श्रेणी शिक्षकांच्या अंदाजाखाली आल्या. ज्या शाळेतून पूर्वी फारसे कोणी चमकले नव्हते, तेथली हुशार मुले शाळेच्या इतिहासापायी खाली ओढली गेली. एखाद्या विषयाला पाच किंवा त्याहून कमी मुले असली, तर मात्र शिक्षकांचा अंदाजच ग्राह्य धरला जाई. आणि इतके छोटे वर्ग बहुधा श्रीमंतांच्या खासगी शाळांत असत. मुले रस्त्यावर उतरली. १३ ऑगस्टला लागलेला निकाल १७ ऑगस्टला फिरवावा लागला. आंधळ्या यंत्रालाही एवढे कळले होते, की पाचजणांवर घंटा ठेवता येत नाही. आमच्या चौदाजणांच्या बाबतीत ते डोळसांना कळले नाही.

जेथे तुलना हवीच

म्हणून तुलना सर्वत्र वाईट, असे म्हणणे मात्र एकांगीपणाचे होईल. जागा थोड्या आणि मागणारे पुष्कळ असले, की क्रम लावावाच लागतो. पारितोषिक तर जन्मानेच सापेक्ष असते. चिंतामणराव देशमुख १९१२ मध्ये मॅट्रिकला पहिले आले आणि संस्कृतची पहिली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनाच मिळाली; त्या वर्षी दुसरा कोणी त्यांच्याइतकाच संस्कृतज्ञ असता, तरी पहिला एकच ठरणार होता. त्यात अन्याय नाही, कारण दुसऱ्याला संस्कृत येत नाही असे ती शिष्यवृत्ती म्हणत नव्हती.

तसेच आपल्या राज्याची सामायिक प्रवेश परीक्षा किंवा २०१९ पासून अनेक पाळ्यांतून होणारी जे. ई. ई. मेन परीक्षा घ्या. प्रत्येक पाळीला प्रश्नपत्रिका निराळी, तेव्हा सकाळच्या १२० गुणांची दुपारच्या १२० गुणांशी तुलना कशी करायची? म्हणून त्या त्या पाळीत तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी गुण असणारे शेकडा किती, हे काढतात, तेच पर्सेंटाइल. एका पाळीत हजारो मुले बसतात आणि कोण कोणत्या पाळीला येणार हे यदृच्छेने ठरते, त्यामुळे दोन्ही पाळ्यांतली मुले साधारण सारखी, हे गृहीत धरता येते. घंटा येथे आपल्या घरी आहे. फक्त पेढे वाटणाऱ्या आईबापांनी ९८ पर्सेंटाइल म्हणजे ९८ टक्के नव्हेत, एवढे ध्यानात ठेवावे.

पण हे गृहीत सुटले, की वाद कोर्टात जातो. निरनिराळ्या मंडळांच्या मुलांना अकरावीसाठी एका मापावर आणण्याकरिता महाराष्ट्र शासनाने २००८ मध्ये पर्सेंटाइलचे सूत्र काढले. ते मुंबई उच्च न्यायालयात टिकले नाही. २००९ मध्ये राज्य मंडळाच्या मुलांसाठी ९० टक्के जागा ठेवल्या. तेही टिकले नाही. २०१० मध्ये उत्तम पाच विषयांचे गुण धरण्याचे ठरले. उच्च न्यायालयाने ते नाकारले आणि सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. तीन पावसाळे राज्यातली घरे अकरावीच्या यादीकडे डोळे लावून बसली होती, हे ज्यांच्या घरी तेव्हा दहावीचे मूल होते त्यांना आठवत असेल. दोन मंडळांतली मुले सारखी नसताना दोघांच्या रांगा शेजारी शेजारी उभ्या केल्या, की कोणत्या तरी रांगेवर अन्याय होतोच.

तात्पर्य, स्पर्धा निराळी आणि परीक्षा निराळी. स्पर्धा विचारते, ‘कोण पुढे?’ परीक्षा विचारते, ‘काय येते?’ मोटार चालवण्याचा परवाना देताना त्या दिवशीच्या उमेदवारांतले वरचे निम्मे कोणी निवडत नाही. शल्यचिकित्सकाच्या वर्गात सगळेच कच्चे असतील, तर त्यांतल्या त्यात बरा निवडून त्याच्या हाती सुरी देणे परवडणार नाही. आणि सगळेच पक्के असतील, तर त्यांतल्या कोणाला कच्चा ठरवणे हा खोटेपणा होईल.

सोनाराची काडी

बेंजामिन ब्लूम हे अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ १९५७-५८ मध्ये आपल्याकडे परीक्षा सुधारण्याच्या कामी शिक्षकांना मार्गदर्शन करून गेले होते. त्यांनी १९६८ मध्ये एक मुद्दा मांडला, तो मला निर्णायक वाटतो. घंटेची रेषा यदृच्छेची आहे आणि शिक्षण हा हेतुपूर्वक केलेला उद्योग आहे. तेव्हा शिकवणे सफल झाले, तर गुणांची रेषा घंटेपेक्षा अगदी निराळी दिसली पाहिजे. जेथे ती हुबेहूब घंटा राहते, तेथे आपल्या शिकवण्याने फारसे काही घडले नाही, असा त्याचा अर्थ. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही उच्च शिक्षणसंस्थांनी उद्दिष्टांच्या निकषांवर आधारलेल्या श्रेणीकडे जावे, असेच म्हटले आहे.

यावर सापेक्षवाले विचारतील, आणि त्यांनी विचारावेच, की निरपेक्ष माप आहे कोठे? तुमचे ६८ तरी आकाशातून आले काय? मान्य आहे, आले नाहीत. वीस वर्षांत वाचलेल्या उत्तरपत्रिकांशी मनातल्या मनात तुलना करूनच मी ते देतो. परंतु सोनार काय करतो ते पाहा. कसोटीच्या काळ्या दगडावर तो तुमच्या सोन्याची रेघ ओढतो आणि शेजारी, ज्यांचा कस आधीच माहीत आहे अशा नमुन्याच्या काड्यांच्या रेघा ओढतो. मग तेजाब लावून कोणती रेघ कोणत्या रेघेसारखी टिकते ते पाहतो. तुलना तोही करतो. पण ती ठरलेल्या, न बदलणाऱ्या नमुन्याशी. त्या दिवशी दुकानात आलेल्या इतर गिऱ्हाइकांच्या दागिन्यांशी नव्हे. सारा फरक येथे आहे.

अशा काड्या आपल्यालाही करता येतील. कोणत्या उत्तराला ‘ए’ आणि कोणत्याला ‘बी’, हे परीक्षेपूर्वी लिहून मुलांच्या हाती द्यावे. उदाहरणार्थ, मूळ ग्रंथ वाचल्याचा पुरावा, स्वतः शोधलेली दोन उदाहरणे आणि स्वतःच्या मताला दिलेले कारण. एवढे असेल तर ‘ए’, मग असे लिहिणारे दोन असोत की चौदा. मागल्या काही वर्षांच्या निवडक उत्तरपत्रिका नावे काढून जपून ठेवाव्यात, आणि दर वर्षी तपासणी सुरू होण्यापूर्वी सर्व तपासनिसांनी त्या पुन्हा तपासून आपापला हात जुळवून घ्यावा. सढळ आणि आखडत्या हातांवरचा इलाज हा आहे; मुलांना रांगेत उभे करणे हा नव्हे.

घंटेलाही काम द्यावे, पण ते थर्मामीटरचे. संपूर्ण वर्ग चाळिशीत गेला किंवा नव्वदीत चढला, तर काही तरी बिघडले आहे, हे तिने सांगावे. प्रश्नपत्रिका बिघडली, शिकवणे बिघडले की तपासणी, ते माणसांनी शोधावे. थर्मामीटर ताप दाखवतो म्हणून कोणी तेच रोग्याला उगाळून पाजत नाही. आणि गुणपत्रिकेवर श्रेणीबरोबर मूळ गुण, वर्गातील विद्यार्थ्यांची संख्या आणि वर्गाच्या मध्यावरच्या विद्यार्थ्याचे गुण, एवढे तीन आकडे छापावेत. ज्याला तुलना हवी आहे, तो ती स्वतः करून घेईल.

दिवाळीच्या सुट्टीनंतर विद्वत्परिषदेपुढे हा विषय पुन्हा यायचा आहे. निदान पन्नासांखालच्या वर्गांना सापेक्ष श्रेणी लावू नये, असा ठराव मी दिला आहे. तो मंजूर होईल की नाही, सांगता येत नाही. वाणिज्य विभागाची मते अधिक आहेत, आणि तेथेही संख्याबळाचीच रीत चालते! तोपर्यंत ज्यांची मुले महाविद्यालयांत शिकतात, त्या पालकांनी गुणपत्रिका हाती आल्यावर ‘कितवा आलास?’ याच्या आधी ‘ही श्रेणी कोणत्या मापाची?’ एवढे महाविद्यालयाला विचारावे. पुष्कळ ठिकाणी हा प्रश्न आजवर कोणी विचारलेलाच नाही.

वसुबारसेला आपण गाय आणि वासरू यांची पूजा एकाच हळदीकुंकवाने करतो. त्या वासराचे आज शहाणपण मोजून त्याला खालची पायरी देण्याची कल्पना कोणाला सुचत नाही; कारण नीट चारापाणी मिळाले, तर गोठ्यातली सगळीच्या सगळी वासरे उद्या मोठी होणार, हे घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असते.